ओळखीच्या बाटल्या, अनोळखी मिश्रण

जून १९४३ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने बर्ट अ‍ॅडम्स नावाच्या गृहस्थांना एका बॅटरीचे पेटंट दिले. क्रमांक २३२२२१०. एका बाजूला मॅग्नेशियम, दुसऱ्या बाजूला क्युप्रस क्लोराइड हा तांब्याचा क्षार आणि दोहोंच्या मध्ये इलेक्ट्रोलाइट म्हणून पाणी. गोडे चालेल, खारेही चालेल. पाणी घालेपर्यंत ही बॅटरी कोरडी ठेवायची, हवे तितके दिवस. पाणी पडले की ती चालू व्हायची आणि मग संपेपर्यंत थांबायची नाही. दिवा जोडलेला असो वा नसो, आतली क्रिया चालूच आणि बॅटरी चांगलीच गरम. त्या काळच्या जाणकारांच्या लेखी हे दोन्ही बॅटरीचे दुर्गुण होते.

हे पुस्तक पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांबद्दल आहे आणि अ‍ॅडम्स यांची बॅटरी एकदाच चालून संपणारी होती. तरीही सुरुवात तिच्यापासून करतो. लिथियम-आयन बॅटरीतल्या द्रावणावरून अमेरिकेत आज एखादा वाद उभा राहिला, तर तो ज्या नियमांवर लढवला जातो, त्यांतला बॅटरीला सर्वात जवळचा नियम या पाण्याच्या बॅटरीनेच घालून दिला. शिवाय ती हकिगतच अशी आहे की पेटंटच्या कायद्याशी काहीही देणेघेणे नसलेल्या माणसानेही ती एकदा ऐकावी.

अर्ज डिसेंबर १९४१ चा. महिनाही उलटला नसेल, तोच अ‍ॅडम्स आपली बॅटरी घेऊन लष्कर आणि नौदलाकडे गेले. लष्कराच्या सिग्नल कोअरमधल्या शास्त्रज्ञांनी प्रात्यक्षिक पाहिले, स्वतः चाचण्या घेतल्या आणि हे काही चालायचे नाही असा निर्वाळा दिला. वर्षभराने, डिसेंबर १९४२ मध्ये, नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सचे डॉ. जॉर्ज व्हायनल यांनीही मान हलवली नाही. वजनाच्या मानाने इतकी ऊर्जा मिळते हा दावा त्यांना फार मोठा वाटला आणि सोबत जोडलेले आलेख पटण्याजोगे वाटले नाहीत. व्हायनल म्हणजे बॅटरीच्या क्षेत्रातले सरकारचे नामांकित तज्ज्ञ. पुढे महायुद्ध ऐन भरात असताना, नोव्हेंबर १९४३ मध्ये, सिग्नल कोअरचे मत फिरले. सरकारने वेगवेगळ्या कंपन्यांकडून ही बॅटरी बनवून घ्यायला सुरुवात केली. सगळे झाले, फक्त अ‍ॅडम्सना कळवायचे राहिले. ते विचारत होते, उत्तर मिळत नव्हते. १९५५ मध्ये बर्जेस कंपनीने सरकारसाठी तयार केलेली एक बॅटरी त्यांनी तपासली, तेव्हा आपलाच शोध वापरात असल्याचे त्यांना समजले. भरपाईची मागणी १९६० मध्ये फेटाळली गेली आणि प्रकरण कोर्टात गेले.

कोर्टात सरकारने काय म्हणावे? ज्या सरकारच्या तज्ज्ञांनी १९४२ मध्ये ‘हे शक्य नाही’ असे लिहून दिले होते, त्याच सरकारचे वकील आता म्हणू लागले की यात विशेष ते काय, हे कोणालाही सुचले असते.

हा युक्तिवाद हास्यास्पद वाटतो, पण पोकळ नव्हता. सरकारने कागद मांडले. जस्त आणि सिल्व्हर क्लोराइड यांची बॅटरी १८६० पासून माहीत होती. जस्ताऐवजी मॅग्नेशियम वापरता येते असे १९२८ च्या एका पेटंटात होते. क्युप्रस क्लोराइडचा उपयोग १८९१ च्या एका ब्रिटिश पेटंटात होता. म्हणजे तिन्ही गोष्टी ग्रंथालयात, एकेका कपाटात. एकाच्या जागी दुसरे घाला, तिसऱ्याच्या जागी चौथे घाला, झाली अ‍ॅडम्सची बॅटरी. त्यातून सरकारच्या हाती आणखी एक मुद्दा होता: ज्या पाण्यामुळे ही बॅटरी वेगळी ठरते, ते पाणी मुख्य दाव्यांच्या शब्दांत कुठेच नव्हते. पेटंटमध्ये मालकीची हद्द दाव्यांनी ठरते. वर्णनात कितीही लिहा, दाव्यात नसेल तर पंचाईत.

२१ फेब्रुवारी १९६६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तो अ‍ॅडम्स यांच्या बाजूने. निकाल न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी लिहिला. पाण्याचा मुद्दा त्यांनी असा सोडवला की दावे वर्णनाच्या उजेडात वाचावे लागतात, आणि पाण्यावर चालणारी बॅटरी हा शोधाचा हेतू वर्णनात स्पष्ट सांगितलेला आहे. सुट्या भागांबद्दल त्यांनी मान्य केले की ते सर्व जुने आहेत. मात्र ते एकत्र आणायला निघालेल्या माणसाला त्या काळच्या ज्ञानाने दोन ठिकाणी अडवले असते. वापरात नसतानाही चालत राहणारी आणि तापणारी बॅटरी कामाची नसते, हे सगळ्यांना ठाऊक होते. पाण्यावर चालणाऱ्या ज्या बॅटऱ्या यशस्वी झाल्या, त्यांतले इलेक्ट्रोलाइट मॅग्नेशियमला घातक होते, हेही ठाऊक होते. अ‍ॅडम्स यांना त्या दोन्ही समजुती बाजूला ठेवाव्या लागल्या, आणि हाती आलेली बॅटरी उणे ५४ अंश सेल्सिअसच्या थंडीपासून ९३ अंशांच्या उष्म्यापर्यंत काम करणारी निघाली. जुन्या साधनांचे माहीत असलेले दोष माणसाला नव्या शोधापासून परावृत्त करत असतील, तर शोध उघड होता की नव्हता हे ठरवताना ते दोष जमेस धरावेत, असे न्यायालयाने म्हटले. त्याच दिवशी याच प्रश्नावर निकाली निघालेल्या इतर खटल्यांत पेटंटे रद्द झाली. एक नांगराच्या जोडाचे होते, एक फवाऱ्याच्या टोपणाचे. टिकले ते फक्त बॅटरीचे.

पेटंटच्या वकिलांत या खटल्याची एक आठवण सांगितली जाते. युक्तिवादाच्या वेळी अ‍ॅडम्स यांच्या वकिलाने समोरच्या पेल्यातले पाणी प्यायले, उरलेल्या पाण्यात छोटी बॅटरी सोडली, तिला जोडलेला इवलासा दिवा लागला आणि मग न्यायमूर्तींचे लक्ष त्या दिव्यावरून हलले नाही. आठवण चांगली आहे, पण मला तिची थोडी भीती वाटते. दिवा लागला म्हणजे शोध चालतो हे सिद्ध होते. तो उघड नव्हता हे त्या दिव्याने कसे सिद्ध व्हावे?

मराठी वाचकाला पेटंटचा वाद म्हटला की हळद आठवते. हळदीने जखम भरते याचे पेटंट अमेरिकेत दिले गेले, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्या लढाईने पेटंट हा विषय आपल्याकडे घराघरांत नेला, पण एक गैरसमजही मागे ठेवला: जुना ग्रंथ दाखवला की वाद मिटतो. नावीन्याच्या वादात तो मिटतोही. तीच गोष्ट, तशीच, आधी कुठे लिहिलेली असेल तर पेटंट पडते. उघडपणाच्या वादाची सुरुवातच ‘ही गोष्ट जशीच्या तशी कुठेही लिहिलेली नाही’ हे मान्य करून होते. मग विचारायचे ते असे की त्या तारखेला, त्या विषयातल्या एका सर्वसाधारण जाणकार माणसापुढे सगळे जुने कागद ठेवले असते, तर तो आपण होऊन इथे पोचला असता का? असा माणूस प्रत्यक्षात नसतो. त्याने सगळे वाचलेले असते आणि त्याला प्रतिभा बेताचीच असते. असे सहकारी आपल्यापैकी काहींनी पाहिले असतील, पण कायद्यातला तो वेगळा. अमेरिकेने ही कसोटी १९५२ च्या कायद्याच्या कलम १०३ मध्ये लिहून ठेवली. त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही: शोध कोणत्या रीतीने लागला, यावरून पेटंट नाकारता येणार नाही. एका क्षणात सुचला काय आणि वर्षभर बाटल्या हलवून सापडला काय, कायद्याला सारखेच. या वाक्याकडे पुढे परत यावे लागेल.

आता द्रावणाकडे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर टाकणाऱ्या प्रत्येकाचा इलेक्ट्रोलाइटशी संबंध आलेला असतो. त्या बॅटरीत ते विरल गंधकाम्ल असते आणि त्याच्या रसायनात वाद घालण्यासारखे आता फार उरलेले नाही. लिथियम-आयन बॅटरीत पाणी चालत नाही. पाण्याचे विघटन सैद्धांतिकदृष्ट्या १.२३ व्होल्टलाच सुरू होते आणि ही बॅटरी चार व्होल्टच्या आसपास काम करते. म्हणून सेंद्रिय द्रावके लागतात, बहुतेक वेळा कार्बोनेट जातीची. त्यांत लिथियम हेक्साफ्लोरोफॉस्फेटसारखा क्षार विरघळवलेला असतो. वर एक-दोन टक्के, कधी त्याहूनही कमी, असे एखादे मिसळण असते, ज्याला सगळे अ‍ॅडिटिव्हच म्हणतात. एवढाच कारभार. सगळ्या बाटल्या ओळखीच्या, सगळी लेबले रसायनांच्या कॅटलॉगमध्ये सापडणारी. वाद होतो तो बाटल्या कोणत्या निवडल्या आणि किती ओतले यावर.

इथे एका जोडीची गोष्ट सविस्तर सांगितलीच पाहिजे. प्रॉपिलीन कार्बोनेट आणि एथिलीन कार्बोनेट. दोन्हींचे रेणू पाच अणूंच्या कड्याचे. फरक एवढाच की प्रॉपिलीनच्या कड्याला एक मिथिल गट जास्त लटकलेला असतो. एक कार्बन, दोन हायड्रोजन इतकाच हिशेबातला फरक. प्रॉपिलीन कार्बोनेट उणे ४९ अंशांपर्यंत द्रव राहते, क्षार छान विरघळवते, हाताळायला सोपे. एथिलीन कार्बोनेट ३६ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे प्रयोगशाळेच्या तापमानाला ते घट्ट असते. बाटलीतून ओतायचे तर आधी गरम करा. लिथियमवर काम करणाऱ्यांनी कित्येक वर्षे प्रॉपिलीनच पसंत केले, यात नवल नाही. जो पदार्थ खोलीत द्रवच नाही, त्याला द्रावक म्हणून कोण हात लावणार?

अडचण ग्राफाइटने केली. लिथियम ग्राफाइटच्या थरांत शिरते हे माहीत होते आणि ऋण टोकासाठी ग्राफाइट आकर्षक होते. प्रॉपिलीन कार्बोनेटमध्ये मात्र ग्राफाइटवर विद्युतप्रवाह सोडला की द्रावकाचेच विघटन होते आणि प्रॉपिलीन वायू सुटतो. हे डे आणि सुलिव्हन यांनी १९७० मध्येच दाखवले. लिथियमच्या आयनाबरोबर द्रावकही थरांत घुसते आणि ग्राफाइटचे पापुद्रे सुटतात. निष्कर्ष सरळ होता: द्रावणातल्या बॅटरीत ग्राफाइट नको. अकिरा योशिनो यांनी पेट्रोलियम कोक घेतला. सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या लिथियम-आयन बॅटरीतही ग्राफाइट नव्हते, कमी सुव्यवस्थित रचनेचा कार्बन होता. योशिनोंना २०१९ चे नोबेल गुडइनफ आणि व्हिटिंगहॅम यांच्यासोबत मिळाले, ते योग्यच. पण आज जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये असलेले ग्राफाइट तिथवर पोचले ते त्या दुसऱ्या, घट्ट बाटलीमुळे.

१९९० मध्ये कॅनडात फाँग, फॉन झाकेन आणि जेफ डान यांनी प्रसिद्ध केले की एथिलीन कार्बोनेट असेल तर ग्राफाइट टिकते. पहिल्या चार्जमध्ये थोडे द्रावण खर्ची पडते, मग क्रिया थांबते. ग्राफाइटच्या पृष्ठभागावर विघटनातून एक पातळ थर तयार होतो, तापलेल्या दुधावर साय धरते तसा. लिथियम त्यातून जाते, द्रावक जात नाही. अशा थराची कल्पना इस्रायलच्या एमानुएल पेलेड यांनी १९७९ मध्ये मांडली होती, धातुरूप लिथियमच्या संदर्भात. एथिलीन कार्बोनेटचा थर घट्ट बसतो, प्रॉपिलीनचा बसत नाही, आणि याचे कारण तो एक मिथिल गट. तो इतका फरक का पाडतो, यावर पुढची अनेक वर्षे शोधनिबंध निघत राहिले.

समजा, या प्रकाशनाच्या आधी, १९८८ च्या सुमारास, कोणी अर्ज केला असता: ग्राफाइटचे ऋण टोक आणि एथिलीन कार्बोनेट असलेले द्रावण. परीक्षकाने काय करावे? हा माझा कल्पित खटला आहे, पण या संग्रहातला प्रत्येक लेख वाचताना मला तोच आठवत राहिला. परीक्षकाच्या बाजूने बोलायला खूप आहे. दोन्ही कार्बोनेटे शेजारी-शेजारी. एथिलीन कार्बोनेट क्षार विरघळवते हे १९६० च्या दशकापासून छापील. ग्राफाइट माहीत, लिथियम माहीत. रसायनशास्त्रात एका गटाचा फरक असलेल्या संयुगांचे गुणधर्म जवळपास सारखे असतात, हे कॉलेजातला मुलगाही सांगेल. मग पेटंट कशाला?

याच वळणावर अमेरिकेच्या कस्टम्स अँड पेटंट अपील्स कोर्टाने १९६३ मध्ये पेपेश प्रकरणात दिलेला निकाल उभा आहे. तिथे तीन मिथिल गट असलेले संयुग माहीत होते आणि अर्जदाराने तीन एथिल गटांचे बनवले होते. रचना पाहिली तर सख्खी भावंडे. पण नव्या संयुगाने सूज कमी होत होती, जुन्याने होत नव्हती. पेटंट कार्यालय म्हणाले, रचना उघड आहे, विषय संपला. न्यायमूर्ती जाइल्स रिच म्हणाले की संयुग आणि त्याचे गुणधर्म वेगळे काढता येत नाहीत. कागदावरचे सूत्र म्हणजे संयुग नव्हे. हे रिच म्हणजे १९५२ च्या कायद्याच्या मसुद्यात ज्यांचा हात होता, तेच. कलम कशासाठी लिहिले हे त्यांना दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती.

पेपेश आणि अ‍ॅडम्स एकत्र ठेवले की माझ्या कल्पित १९८८ च्या अर्जाला पेटंट द्यावेच लागते, असे माझे मत. गुणधर्म अनपेक्षित तर आहेच. शिवाय दोन प्रस्थापित समजुती त्या दिशेला जाणाऱ्याला अडवत होत्या. एक, द्रावक खोलीत घट्ट असते. दोन, कार्बोनेटमध्ये ग्राफाइट टिकत नाही. त्या दोन्हींना न जुमानता कोणी तिकडे वळला असेल, तर तो सर्वसाधारण जाणकार नव्हता. आणि हा थर कसा बनतो हे त्याला सांगता आले नसते, म्हणूनही काही बिघडले नसते. पेटंट घेणाऱ्याला ‘का’ सांगावे लागत नाही, ‘कसे’ सांगावे लागते.

हे एवढ्या खात्रीने लिहिले, कारण पुढे जे लिहायचे आहे त्यात मी अर्जदारांच्या बाजूचा नाही. एथिलीन कार्बोनेट आले, त्याला पातळ करायला डायमिथिल, डायएथिल, एथिल-मिथिल अशी सरळ साखळीची कार्बोनेटे आली. त्यांची प्रमाणे बदलत राहणे ही कारागिरी आहे. चिकटपणा घटतो, आयन वेगाने पळतात, थंडीत बॅटरी बरी चालते. हे सगळे आधी सांगता येते. माहीत असलेल्या चौकटीत उत्तम आकडा शोधणे हा शोध नव्हे, असे अमेरिकेच्या त्याच कोर्टाने १९५५ च्या अ‍ॅलर प्रकरणात सांगून ठेवले आहे. तरीही ‘३० ते ३५ टक्के अमुक, ०.५ ते २ टक्के तमुक’ असे दावे येतच राहतात.

अ‍ॅडिटिव्हचे तसे नाही, निदान सुरुवातीला नव्हते. व्हिनिलीन कार्बोनेट हे एथिलीन कार्बोनेटच्या कड्यात एक दुहेरी बंध असलेले संयुग. फ्रान्सच्या साफ्त कंपनीने ते लिथियम बॅटरीच्या द्रावणात घालण्याचे पेटंट १९९० च्या दशकात घेतले. चिमूटभर घातले की ते द्रावकाच्या आधी विघटन पावते, त्याचे बहुवारिक बनते आणि थर आणखी पक्का होतो. आज हे पाठ्यपुस्तकात आहे. त्यानंतर फ्लोरोएथिलीन कार्बोनेट आले, सिलिकॉनच्या टोकासाठी त्याचा विशेष उपयोग. मग सल्फोन, नायट्राइल, बोरेट, फॉस्फेट. आणि मग दोघांची, तिघांची मिश्रणे. इथे पेटंटांचे जंगल माजले आणि इथेच खरे भांडण आहे. व्हिनिलीन कार्बोनेट थर पक्का करते हे सर्वांना कळल्यावर, थर पक्का करणारे दुसरे काही शेजारी घातले आणि थर आणखी पक्का झाला, तर त्यात अनपेक्षित काय?

अर्जदाराचे उत्तर ठरलेले असते: दोघांचा एकत्र परिणाम बेरजेपेक्षा जास्त आहे. सोबत एक तक्ता. तक्त्यात उदाहरण १ ते १२ आणि तुलनेसाठी दोन-तीन नमुने. या तक्त्यांत लबाडी क्वचितच असते, पण सोयीस्कर तुलना नेहमीच असते. नव्या मिश्रणाची तुलना कशाशी केली? अ‍ॅडिटिव्ह मुळीच नसलेल्या द्रावणाशी. ती तुलना निरुपयोगी आहे. जुन्यातल्या सर्वात जवळच्या द्रावणाशी करा, म्हणजे त्याच प्रमाणात एकटे व्हिनिलीन कार्बोनेट, मग एकटे दुसरे, मग दोन्ही. आणि दावा अर्ध्या टक्क्यापासून पाच टक्क्यांपर्यंत असेल, तर मोजमाप फक्त एका टक्क्याचे देऊन कसे चालेल? आश्चर्य जेवढे दाखवले, तेवढीच मालकी मिळावी. हे बोलायला सोपे, पण परीक्षकाच्या टेबलावर वेळ मोजका असतो.

युरोपचे पेटंट कार्यालय हा प्रश्न निराळ्या रीतीने विचारते. आधी सर्वात जवळचे पूर्वज्ञान शोधायचे, मग त्याच्या तुलनेत कोणती तांत्रिक अडचण सुटली हे ठरवायचे आणि मग विचारायचे की जाणकाराने हा उपाय केला असता का. करू शकला असता का, हे नव्हे. हा भेद तिथल्या अपील मंडळाने १९८४ मध्ये स्पष्ट केला. इलेक्ट्रोलाइटच्या बाबतीत तो फार उपयोगी आहे, कारण ओळखीच्या कोणत्याही दोन बाटल्या कोणीही केव्हाही एकत्र करू शकतो. अमेरिकेत २००७ च्या केएसआर निकालाने तराजू दुसरीकडे झुकवला. तो खटला मोटारीच्या अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलचा, पण त्यातले म्हणणे सगळीकडे पसरले: पर्याय मोजके आणि परिणाम अपेक्षित असतील, तर ते करून पाहणे उघड ठरू शकते, जाणकार माणूस म्हणजे यंत्र नव्हे, त्यालाही थोडी कल्पकता असते. गंमत अशी की त्याच निकालात अ‍ॅडम्सच्या बॅटरीची उजळणीही आहे. दोन्ही बाजूंचे वकील त्यातून आपापला परिच्छेद उचलतात.

‘पर्याय मोजके’ हे शब्द मात्र आता घसरू लागले आहेत. प्रयोगशाळांत रोबोट द्रावणे मिसळतात आणि संगणकाचे प्रारूप पुढची बाटली सुचवते. हजार मिश्रणे पाहणे ही नित्याची बाब झाली, तर हजार हा आकडा मोजका म्हणायचा का? कलम १०३ मधले ते वाक्य इथे आठवते. शोध कसा लागला यावरून पेटंट नाकारायचे नाही, म्हणून रोबोटने शोधले हा आक्षेप टिकत नाही. पण त्याच रोबोटामुळे सर्वसाधारण जाणकाराची ताकद वाढते आणि ती वाढली की उघडपणाची रेषाही वर सरकते. मला वाटते खरा भेद हजार की दहा हा नाहीच. उत्तर कुठे सापडेल याचा अंदाज आधी बांधता येत होता का, हे पाहावे.

२०१५ मध्ये मेरीलँड विद्यापीठ आणि अमेरिकी लष्कराच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या गटाने ‘सायन्स’मध्ये पाण्यावर आधारलेले लिथियम-आयनचे द्रावण मांडले. युक्ती एका ओळीत सांगता येते: क्षार वाढवा. एक किलो पाण्यात टीएफएसआय या नावाने ओळखला जाणारा लिथियमचा क्षार २१ मोल, म्हणजे वजनाने सुमारे सहा किलो. पाणी कमी, क्षार जास्त. अशा द्रावणात पाणी जवळजवळ तीन व्होल्टच्या पट्ट्यात तग धरते. आता याला काय म्हणावे? क्षाराचे प्रमाण हा प्रत्येक द्रावणातला पहिला बदलता येण्याजोगा आकडा. त्याची चढण विद्यार्थीही चढतो. पण सगळी पुस्तके सांगत होती की एका मर्यादेपलीकडे क्षार वाढवला की द्रावण दाट होते आणि आयन मंदावतात, म्हणून तिकडे जाऊ नये. चढण सगळ्यांची होती, पाटी मात्र ‘पुढे रस्ता नाही’ अशी होती. अ‍ॅलर एका हाताला ओढतो, अ‍ॅडम्स दुसऱ्या. मी अ‍ॅडम्सकडे झुकतो, पण विरुद्ध बाजूचे म्हणणे उडवून लावण्याइतका नाही.

आपल्याकडे हाच प्रश्न दोन दारांतून आत येतो. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) मध्ये इन्व्हेन्टिव्ह स्टेपची व्याख्या आहे: अस्तित्वात असलेल्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही, आणि शिवाय जाणकाराला तो शोध उघड नसणे. सर्वोच्च न्यायालयाचा पायाभूत निकाल १९७८ चा, बिश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. वाद मिर्झापूरच्या कारखान्यात भांडी लेथवर घट्ट धरण्याच्या पद्धतीचा होता आणि पेटंट गेले, कारण ती नेहमीच्या कारागिरीच्या पलीकडे जात नव्हती. पितळी भांड्यांपासून लिथियमपर्यंत तीच कसोटी. दुसरे दार कलम ३(ई) चे, आणि द्रावणवाल्यांना त्याचीच धास्ती जास्त. घटकांच्या गुणधर्मांची नुसती बेरीज होत असेल असे मिश्रण शोध मानले जात नाही. मुंबईत अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात असो की देशातल्या दुसऱ्या कोणत्या पेटंट कार्यालयात, दोन अ‍ॅडिटिव्ह घातलेल्या द्रावणाच्या अर्जावर ३(ई) चा आक्षेप येणार हे गृहीत धरावे. मला हे कलम आवडते. बेरजेपेक्षा जास्त काय, ते दाखवा, एवढेच ते म्हणते, आणि तक्त्यातल्या सोयीस्कर तुलनेला तिथेच अटकाव बसतो. औषधांवरून गाजलेल्या ३(ड) पेक्षा या क्षेत्रात ३(ई) चे महत्त्व अधिक, हे आपल्या चर्चेत फारसे येत नाही.

पण दाखवायचे केव्हा? या पुस्तकातल्या शेवटच्या दोन लेखांचा विषय तोच आहे आणि माझ्या मते सर्वात अवघड तोच. जो आधी अर्ज करील त्याचे पेटंट, ही आज जवळजवळ सगळ्या जगाची रीत. उशीर केला तर दुसरा पुढे जातो. अर्ज भरल्यावर तपशिलात नवी माहिती भरता येत नाही. आणि द्रावणाचा गुण तर वेळ गेल्याशिवाय कळत नाही. एका तासात चार्ज, एका तासात डिस्चार्ज अशी घाईची चाचणी घेतली, तरी हजार फेऱ्यांना सुमारे ८३ दिवस लागतात. तीन-तीन तासांच्या जरा सभ्य वेगाने घेतली तर २५०. आणि बॅटरी नुसती पडून राहिल्यावर किती खराब होते हे पाहायचे असेल, तर वर्षेच लागतात. तापमान वाढवून घाई करता येते, पण मग तो निष्कर्ष साध्या तापमानाला लागू पडतो का, यावर दुसरा वाद.

म्हणून आश्चर्याचा पुरावा बहुधा अर्जानंतर हाती येतो. तो मानायचा की नाही? युरोपच्या विस्तारित अपील मंडळाने मार्च २०२३ मध्ये जी २/२१ या प्रकरणात याचे उत्तर द्यायचा प्रयत्न केला. ते प्रकरणही मिश्रणाचेच, कीटकनाशकांचे. नंतरचा पुरावा केवळ उशिरा आला म्हणून बाजूला सारता येणार नाही, असे मंडळ म्हणाले. मात्र जो परिणाम सांगायचा तो मूळ अर्जाच्या शिकवणीत सामावलेला असला पाहिजे आणि त्याच शोधातून आलेला असला पाहिजे. वाक्य तोलून-मापून लिहिलेले आहे आणि त्याचा अर्थ काय यावर लगेच नवे वाद सुरू झाले.

भारतात आधी तात्पुरता तपशील दाखल करून पूर्ण तपशिलासाठी बारा महिने मिळतात. पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसून द्रावणावर काम करणाऱ्या छोट्या गटाला हे बारा महिने सोन्यासारखे आहेत, कारण २५० दिवसांची चाचणी त्यात बसते. पण ती पहिल्याच आठवड्यात लावावी लागते, आणि तिच्यात नव्या मिश्रणाशेजारी एकटे-एकटे घटक घातलेल्या बॅटऱ्याही त्याच दिवशी, त्याच यंत्रावर चढवाव्या लागतात. चाचणीयंत्रावर जागा मोजकी असते. नव्या मिश्रणाच्या आठ बॅटऱ्या लावायच्या की चार नव्या आणि चार जुन्या, हा निर्णय संशोधक घेतो तेव्हा वकील खोलीत नसतो. पुढे कधीतरी कलम ३(ई) चा आक्षेप आला, की फाइलमध्ये त्या चार जुन्या बॅटऱ्यांचे आकडे आहेत की नाहीत, हे प्रथम पाहिले जाते.